येळवस आणि तुमचं एक वाक्य

येन्ससाहेब,

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचं तर लिहिणारा त्या तोलाचा हवा. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. माझ्या आधीच्या कुणी पत्रसुद्धा लिहिलं नाही, गरज पडली तर दुसऱ्याकडून लिहून घेतलं. तुमचं आडनाव मला आजही नीट म्हणता येत नाही. तुमच्याबरोबर शिकलेली, तुमच्या शेजारी राहिलेली माणसं तिकडे डेन्मार्कात असतील, त्यांनी लिहावं हे खरं. मी तुमच्याबरोबर फक्त दोन हिवाळे काढले, तेही दुभाष्या म्हणून. दुभाष्यानं दुसऱ्याचं बोलायचं असतं. आज स्वतःचं बोलायला बसलोय, म्हणून माफी.

तुम्ही कुठे जन्मलात, काय शिकलात, हे मला माहीत नाही आणि इथे ते येणारही नाही. मला एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही माझ्याबद्दल छापलेलं ते एकच वाक्य, आणि ते खोटं होतं. ते दुरुस्त करा म्हणून मी दोन वर्षं तुमच्या मागे लागलो होतो, आणि तुम्ही मध्येच निघून गेलात. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं माय म्हणते. मी भांडणार आहे.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी औराद तालुक्यात बोअर पाडायचं काम चालूच होतं. त्या यंत्रामागून तुम्ही जीपमधून आलात. आमच्या गावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. नुकताच मॅट्रिक झालेला, म्हणून मला तुमच्याबरोबर दिलं. तुम्ही इतके उंच, की प्रत्येक दारात वाकायचात आणि तरीही प्रत्येक दारात डोकं आपटायचात. आम्ही घोंगडी पांघरून शेकोटीला बसायचो तेव्हा तुम्ही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फिरायचात आणि विचारायचात, "माणिक, हिवाळा कधी येणार?"

तुम्हाला सगळं विचारायचं असायचं. खिशातल्या वहीत तुम्ही सगळं टिपायचात. आणि मग आली येळवस.

मार्गशीर्षातली अमावस्या. पुण्याकडच्या माणसाला हा सण सांगावा लागतो. आमच्या बिदर, लातूर, कलबुर्गीकडे मात्र त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव शेतात. ज्वारीच्या ताटांची कोप उभी करायची, म्हणजे दोघा-चौघांना बसता येईल एवढी खोप. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, आंबील ठरलेली आरोळी देत शेतभर शिंपडायची आणि मग दिवसभर जेवायचं. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची. येळवसेला बांधावरचा माणूस उपाशी पाठवत नाहीत, हा नियम.

तुम्ही तर खूशच झालात. म्हणालात, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस आमच्याकडे याच आठवड्यात येतो, आम्हीही तेव्हाच खातो, हा तर आमचाच सण. आणि लगेच हसायला लागलात. पाच दगडांवर शाल घातलेली बघून तुम्ही मला विचारलंत, "माणिक, दगडाला थंडी?"

आज उत्तर देतो. तुम्हीच नंतर मला सांगितलं होतं, की तुमच्या घरी त्या दिवसांत माळ्यावर एक बुटका राहतो असं मानतात आणि त्याच्यासाठी तांदळाची खीर वाटीत भरून, वर लोणी घालून ठेवतात. नाही ठेवली तर तो गाई बिथरवतो. आणि घरातली मोठी मोठी माणसं एका झाडाभोवती हात धरून गाणी म्हणत फिरतात. साहेब, दगडाला शाल घालणाऱ्यांना हसण्याआधी माळ्यावर वाटी घेऊन चढणाऱ्यानं थोडा विचार करायचा होता. आमचे दगड निदान दिसतात तरी.

पण तुमचं हसणं वाईट नव्हतं, हेही लिहायला हवं. भज्जी तुम्ही पहिल्यांदा बघितलीत तेव्हा द्रोणात बोट घालून एकेक जिन्नस बाहेर काढून मोजत बसलात. ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, मेथी, चुका, कांद्याची पात, चिंच. बेसन आणि ताक मोजता येईना म्हणून चिडलात. मग वहीत लिहिलंत, "या लोकांनी अख्खं शेत एका पातेल्यात शिजवलं आहे." हे वाक्य मला फार आवडलं. माझी माय जन्मभर भज्जी करते, पण ती काय करते हे तिलाही कुणी असं सांगितलं नव्हतं. बाजरीच्या उंड्याला तुम्ही तोफेचा गोळा म्हणालात आणि चार खाल्लेत. थंडगार आंबट आंबील सकाळी सकाळी प्यायलात तेव्हा तुमचा चेहरा असा झाला, की कोपीतली बाई पदर तोंडात घालून बाहेर पळाली.

ही बाई म्हणजे शिवलिंगप्पा अण्णांची बायको. आम्ही तिला अक्का म्हणतो. अण्णांची औरादेत दुकानदारी आणि गावाला मोठी काळी जमीन. बसवण्णांना मानणारं घर. तोंडात मराठी आणि कानडी एकदमच. तुमची पहिली येळवस त्यांच्याच शेतात सुरू झाली. "या साहेब, कुंडरी, कुंडरी, बसा की," म्हणत त्यांनी तुमच्यासाठी कोपीत घोंगडी अंथरली. तुम्ही वाकून आत गेलात. मी तुमच्या मागे होतो.

अण्णांनी मला हाकललं नाही. त्यांच्यावर खोटा आळ घेणार नाही. ते एवढंच म्हणाले, "माणक्या, जीपकडं ध्यान ठेव रे. पोरं काच फोडतेत."

शेतात एकही पोर जीपजवळ नव्हतं. सगळी आत जेवत होती.

मी जीपपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं अक्कानं आतून विचारलं, "त्येला काय द्यू?" आणि अण्णा म्हणाले, "बांधावर ने की द्रोणात."

आता हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगतो. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी तान्हा होतो. त्याच्या आधी येळवसेला आमची माणसं दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि उरलेलं फडक्यात बांधून घरी आणायची. दीक्षा घेऊन आल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते फडकं चुलीत घातलं. म्हणाले, "बांधावरचं घ्यायचं न्हाई. मेलो तरी न्हाई." तेव्हापासून येळवसेला आमच्या घरी दार लावून नेहमीची भाकरी व्हायची. शेत नव्हतं, तर कोप कुठे घालणार?

म्हणून अक्का द्रोण घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "पोट भरलंय, अक्का."

तुम्ही आतून ओरडलात, "माणिक, ये! फार छान आहे!"

"पोट भरलंय, साहेब."

त्या दिवशी तुम्ही सात शेतांत जेवलात आणि मी सात वेळा तेच बोललो. आणि दुभाष्याचं काम तर करायचंच होतं. तुम्ही कोपीतून प्रश्न ओरडायचात, मी जीपपासून तो मराठीत ओरडायचो, आतून उत्तर यायचं, मी ते इंग्रजीत परत ओरडायचो. दगड पाचच का? शाल का? आंबील शेतात का फेकता? त्या वेळी जे ओरडतात त्याचा अर्थ काय? शेवटच्याचे तीन म्हाताऱ्यांनी तीन अर्थ सांगितले, आणि मी तिन्ही ओरडलो. सगळं शेत हसत होतं. तुम्ही सगळ्यांत जास्त.

एवढे प्रश्न विचारलेत साहेब. तू बाहेर का, हे विचारलं नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एक छापील कागद घेऊन आलात. तुमच्या देशातल्या वर्तमानपत्रात येळवसेवर तुमचा लेख आला होता, सोबत तुम्ही काढलेलं कोपीचं चित्र. लिंबाखाली बसून तुम्ही तो मला इंग्रजीत करून वाचून दाखवलात. फार सुंदर लेख होता. सातव्या शेतानंतर तुम्हाला जीपच्या स्टिअरिंगमागे बसता येईना हे वाचताना तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मग ते वाक्य आलं:

"माझा दुभाष्या माणिक हा अख्ख्या तालुक्यातला एकमेव माणूस, ज्याचं पोट सकाळपासूनच भरलेलं होतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझं नाव छापून आलं होतं. आमच्या घराण्यातलं छापून आलेलं ते पहिलं नाव. आणि मी हसलो. तुम्ही मला विचारलं नाहीत हा तुमचा दोष, पण मी हसलो हा माझा. त्याचा राग मला तुमच्यापेक्षा माझ्यावर जास्त आला, आणि अजून आहे.

त्याच वर्षी दादांना सरकारातून दोन एकर मिळाली. माळरान, निम्मे दगड. पण सातबारावर, आमच्याकडच्या भाषेत पहाणीवर, दादांचं नाव. त्या वर्षीची येळवस आमच्या शेतातली पहिली येळवस होती आणि घरात आठ दिवस आधीपासून भांडण.

दादा म्हणाले, "आपुन बौद्ध. येळवस बिळवस न्हाई."

माय म्हणाली, "कामून न्हाई? शेताला काय जात चिकटलीय व्हय? मी जल्मभर दुसऱ्याची भज्जी हुंगलेय. औंदा माझी मी करणार."

"पांडवाचे दगूड मांडायचे न्हाईत."

"नगं मांडू. कोप तर घाल. तुझ्याच टकुऱ्याला ऊन लागायलंय."

तर कोप घातली. मी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही आलात. डोकं आत घालून तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि दादांना तुमच्या मराठीत विचारलंत, "दगड कुठे?"

दादा म्हणाले, "जागा न्हाई, साहेब. आत माणसं बसायचीत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तुम्ही हे वहीत लिहून घेतलंत आणि मोठ्यानं हसलात. दादाही हसले. माझे वडील परक्या माणसासमोर हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे आणि हे भांडण त्याच्या आड येणार नाही.

आपण मांडीला मांडी लावून बसलो. मायनं तुम्हाला वाढलं, मग मला. मी मुद्दाम म्हणालो, "साहेब, बघा, मी खायलोय." तुम्ही म्हणालात, "हो, आज तुझं पोट चांगलं आहे!" मला वाटलं आता सांगावं. पण तोंडात घास होता, आणि तो आमच्या शेतातला पहिला घास होता. मी तो चावत राहिलो.

तेवढ्यात बांधावरून शिवलिंगप्पा अण्णा आले. त्यांच्या शेताची वाट आमच्या बांधावरूनच जाते. ते पुढे, आणि मागे त्यांचा गडी, डोक्यावर धोतरानं बांधलेली जेवणाची मोठी टोपली घेऊन. माय उठून कोपीबाहेर गेली. दादा म्हणाले, "बस खाली." ती बसली नाही. पदर सावरून तिनं हाक मारली, "अण्णा, या जेवायला! येळवस हाय!"

अण्णा थांबले. नियम त्यांनाही माहीत होता. त्यांनी कोपीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि मायला हात जोडून म्हणाले, "पोट भरलंय, बाई."

"आत्ता सकाळच्या पारीच कुठं भरलं वो? तुमची टोपली तर आजून डोसक्यावरच हाय. गाठसुदिक सुटली न्हाई."

गडी खाली मान घालून हसला. अण्णांचा चेहरा पडला. "येतो की मागून," म्हणाले आणि गेले. आले नाहीत.

तुम्ही हसत होतात. म्हणालात, "माणिक, इथे सगळ्यांचीच पोटं भरलेली..." आणि वाक्य अर्धवट सोडलंत. टोपली लांब जाईपर्यंत तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग माझ्याकडे बघितलंत. मला कळलं की तुम्हाला कळलं. तुमच्या हातातला उंडा तसाच राहिला. मी वाट बघितली, साहेब. आता विचारतील. तुम्ही विचारलं नाहीत. मायला म्हणालात, भज्जी छान झालीय. दोन दिवसांनी तुमचं यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेलं, आणि उन्हाळ्याआधी तुम्ही तुमच्या देशात.

तुम्हाला कळलं होतं, हे कळल्यामुळेच मी गप्प बसलो नाही. बिदरला कॉलेजात आल्यावर पहिलं पत्र तुम्हाला लिहिलं. शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळ बसलो. एवढंच लिहिलं, की ते वाक्य खरं नाही, दुरुस्त करा. चार महिन्यांनी उत्तर आलं. तुमच्या लेखांचं पुस्तक निघणार होतं. लिहिलं होतं, "ते वाक्य मी काढून टाकलं आहे. मला लाज वाटते."

तुम्हाला वाटलं असेल भांडण मिटलं. मला ते उत्तर वाचून जास्त राग आला. मी परत लिहिलं, "लाज वाटली म्हणून काढू नका. वाक्य काढलं तर मी जीपपाशीसुद्धा राहत नाही. मग सात शेतं राहतात, भज्जी राहते, सगळं गाव एकत्र बसून जेवतं असं राहतं. ते खोटं आहे. मी बाहेर होतो हे लिहा. का होतो ते माहीत नसेल तर विचारा."

त्याचं उत्तर आलं नाही. वर्षभर नाही. खोलीतला मित्र म्हणाला, "सोड की आता. गोरा माणूस, त्याच्या देशात त्याचं पुस्तक. तुझं काय जायलंय?" मी म्हणालो, माझं नाव गेलंय त्यात.

इकडची खबर तुम्हाला द्यायची राहिली. माय दर येळवसेला हाक मारते. दादा आता तिला बस म्हणत नाहीत. गेल्या वर्षी तर तिच्या आधी तेच उठले. अण्णा दर वर्षी म्हणतात पोट भरलंय. मधल्या वर्षी ते लांबच्या वाटेनं गेले, तर मायनं तिकडे तोंड करून हाक मारली. तिचा आवाज चांगला आहे, पार चिंताकी गावाच्या रस्त्यापर्यंत जातो. गावातले काही म्हणाले, कशाला त्यांना लाजवायलीस? ती म्हणाली, "मी जेवायला बोलवायलेय. लाज त्यांची त्यांना ठावं." ती थकणार नाही. पुढे तिचा आवाज बसला, तर मी आहे.

परवा दुपारी वसतिगृहात पाकीट आलं. तिकीट तुमच्या देशाचं, अक्षर तुमचं नाही. तुमच्या बहिणीचं होतं. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. तुम्ही वर्षभर आजारी होतात आणि कुणाला कळवू दिलं नाहीत. पानगळीच्या दिवसांत तुम्ही गेलात. माझा पत्ता वहीत सापडायला उशीर झाला, त्याबद्दल तिनं माफी मागितली होती. तिकडे परतल्यापासून वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी तुम्ही एक हिरवं आंबट काहीतरी शिजवायचात, ते घरात कुणालाच खाता यायचं नाही, आणि तुम्ही म्हणायचात की यात अख्खं शेत आहे. त्याला काय म्हणतात ते कळव, असं तिनं विचारलं होतं. मी कळवलं.

पाकिटात पुस्तकासाठी तयार केलेलं एक पान होतं. तुमच्या टेबलावर शेवटपर्यंत तेच होतं, असं तिनं लिहिलं होतं. येळवसेचं पान. ते वाक्य खोडलेलं. त्याच्यावर दुसरं लिहून खोडलेलं. तिसरं, चौथंही. इतकं गिचमिड, की एक शब्द लागत नाही. आणि बाजूच्या कोऱ्या जागेत, मीच तुम्हाला शिकवलेल्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत, न खोडलेले दोन शब्द: "माणिकला विचारणे."

विचारलंत, साहेब. उशिरा विचारलंत, पण विचारलंत. तर लिहून घ्या.

मला भूक लागली होती.